२६ महिन्यांचा बँड आणि ४३ वर्षांची वाटणी

लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात बुश हॉल नावाचं एक छोटं सभागृह आहे. ते पैशांच्या अडचणीत सापडलं, म्हणून ऑगस्ट २०२४मध्ये त्याच्या मदतीसाठी तिथे काही कार्यक्रम झाले. रंगमंचावर होते ‘सेक्स पिस्टल्स’, म्हणजे पंक या सगळं झुगारणाऱ्या रॉक संगीताचा ब्रिटिश बँड. गिटारवर स्टीव्ह जोन्स, ड्रम्सवर पॉल कुक, बेस गिटारवर ग्लेन मॅटलॉक. तिघेही मूळ गडी आणि तिघेही पासष्टी ओलांडलेले. माइकसमोर मात्र फ्रँक कार्टर. हा बँड फुटला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता.

ज्याच्या आवाजामुळे आणि शिव्यांमुळे हे नाव जगभर गेलं, तो जॉन लायडन ऊर्फ जॉनी रॉटन तिथे नव्हता. त्याला हा प्रकार मुळीच मान्य नाही आणि ते त्यानं जाहीरपणे सांगितलंही आहे. तरी कार्यक्रम झाले, पुढे दौरेही निघाले, पोस्टरवर नाव तेच.

माझ्या भाच्यानं फोनवर विचारलं, “मामा, गायकच नाही तर बँड कसला? आणि तो नको म्हणत असताना हे नाव वापरतातच कसे?”

भाचा कॉलेजात आहे, स्वतः गिटार वाजवतो, त्यामुळे प्रश्न अगदीच निरागस नव्हता. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी गोष्ट

१९७०च्या दशकाच्या मध्यावरचं लंडन. बेकारी वाढलेली, महागाई भडकलेली. किंग्ज रोडवर ४३० नंबरच्या गाळ्यात माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांचं कपड्यांचं दुकान होतं. रबराचे आणि चामड्याचे कपडे, फाटके टी-शर्ट, दुकानाचं नावच ‘सेक्स’. तिथे रेंगाळणाऱ्या पोरांमध्ये जोन्स आणि कुक होते. मॅटलॉक शनिवारी दुकानात कामाला असायचा. ऑगस्ट १९७५मध्ये हिरवट केसांचा लायडन ‘मला पिंक फ्लॉइडचा तिटकारा आहे’ असं लिहिलेला टी-शर्ट घालून आला. दुकानातल्या ज्यूकबॉक्सवर लागलेल्या गाण्याबरोबर तोंड वेडंवाकडं करणं हीच त्याची गायनाची परीक्षा. पास झाला.

६ नोव्हेंबर १९७५ला सेंट मार्टिन्स या कलाशाळेत पहिला कार्यक्रम झाला आणि १४ जानेवारी १९७८ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा. मध्ये २६ महिने आणि स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला एकच अल्बम. एवढंच त्यांचं आयुष्य.

पण या २६ महिन्यांत त्यांनी इंग्लंडची झोप उडवली. १ डिसेंबर १९७६ला थेम्स टेलिव्हिजनवरच्या ‘टुडे’ या संध्याकाळच्या थेट कार्यक्रमात खरं तर ‘क्वीन’ हा बँड यायचा होता. त्यांनी आयत्या वेळी नकार कळवला. फ्रेडी मर्क्युरीची दाताच्या डॉक्टरकडे वेळ ठरली होती, असं कारण नेहमी सांगितलं जातं. हा फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा. पाचगणीच्या पोराच्या दातामुळे इंग्लंडात पंक पेटलं असं लिहायचा मोह होतो, पण आवरतो. क्वीनच्या जागी त्याच रेकॉर्ड कंपनीनं सेक्स पिस्टल्सना पाठवलं. सूत्रसंचालक बिल ग्रंडी यांनी त्यांना डिवचलं आणि जोन्सनं चहाच्या वेळी घराघरांत ऐकू गेलेल्या शिव्या हासडल्या. कार्यक्रम फक्त लंडन परिसरात दिसत होता. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तो देशभर पोचवला. संतापून एका लॉरीचालकानं लाथ मारून स्वतःचाच टीव्ही फोडल्याची बातमीही छापून आली. ग्रंडींना दोन आठवडे निलंबित केलं गेलं.

त्यानंतर ठरलेल्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गावोगावच्या नगरपालिकांनी आणि थिएटरवाल्यांनी रद्द केले. वेल्समधल्या केअरफिलीत कार्यक्रम झाला, पण गावकरी थिएटरबाहेर थंडीत उभे राहून नाताळची भक्तिगीतं गात होते. आत पंक, बाहेर भजन.

उचल म्हणजे काय?

पैशांचं गणित कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

रेकॉर्ड कंपनी बँडशी करार करते तेव्हा आगाऊ रक्कम देते. इंग्रजीत तिला अॅडव्हान्स म्हणतात, आपल्याकडे ऊसतोडीच्या धंद्यात किंवा तमाशाच्या फडात ‘उचल’ म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो. मग तोडलेल्या प्रत्येक टनाची मजुरी आधी त्या उचलीत वळती होते आणि ती फिटली की मगच हातात पैसे पडतात. बँडचंही तसंच. विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे बँडला जो वाटा मिळतो त्याला रॉयल्टी म्हणतात. ही रॉयल्टी आधी उचलीत वळती होते. स्टुडिओचं भाडंही बहुतेक वेळा त्याच खात्यात मांडलं जातं. म्हणूनच गाणं हिट झालं तरी गायक कफल्लक, हे चित्र दिसतं.

फरक एकच. ऊसतोड मजुराची उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामात त्याच्या मानेवर बसते. बँडच्या बाबतीत करार कंपनीनं स्वतःच मोडला, तर घेतलेली उचल सहसा बँडकडेच राहते.

आता सेक्स पिस्टल्सचं बघा. ऑक्टोबर १९७६मध्ये ईएमआय या बड्या कंपनीनं ४० हजार पौंडांचा करार केला. ग्रंडी प्रकरण झालं, ईएमआयच्याच कारखान्यातल्या कामगारांनी त्यांची रेकॉर्ड पॅक करायला नकार दिला आणि जानेवारी १९७७मध्ये कंपनीनं त्यांना पैशांसकट सोडलं. मार्चमध्ये ‘ए अँड एम’ कंपनीनं बकिंगहॅम पॅलेसच्या दारात टेबल टाकून, फोटोग्राफर बोलावून सह्या घेतल्या. आठवडा उलटायच्या आत तीही पळाली. ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या गाण्याच्या सुमारे २५ हजार छापलेल्या रेकॉर्डी नष्ट करण्यात आल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्या प्रती आज संग्राहकांमध्ये लाखो रुपयांना विकल्या जातात. इथेही बँडला भरपाई मिळाली, ७५ हजार पौंडांच्या घरातली.

शेवटी मे १९७७मध्ये रिचर्ड ब्रॅन्सनच्या व्हर्जिननं त्यांना घेतलं. राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना ‘गॉड सेव्ह द क्वीन’ बाहेर आलं. बीबीसीनं बंदी घातली, तरी ते विक्रीच्या अधिकृत यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

म्हणजे सात-आठ महिन्यांत तीन कंपन्या आणि दोनदा न फेडता मिळालेली उचल. हे पैसे गेले कुठे? ते दुकानदार मॅक्लारेनच्या, जो आता बँडचा मॅनेजर होता, ‘ग्लिटरबेस्ट’ नावाच्या कंपनीत जमा होत होते. पोरांच्या हातात आठवड्याचा ठरावीक पगार पडायचा. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकच गाणं, पण सातबारे अनेक

आपण म्हणतो ‘त्यांचं गाणं’. कायद्याच्या नजरेत त्या एका गाण्यावर निरनिराळे मालक बसलेले असतात. जमिनीचं असतं ना, शेत एकाच्या नावावर, विहिरीचं पाणी सामाईक, बांधावरचा आंबा तिसऱ्याचा. तसंच.

पहिली मालकी गाणं लिहिण्याची, म्हणजे शब्द आणि चाल. ही ज्यानं लिहिलं त्याची. कोणीही, कुठेही ते गायलं किंवा वाजवलं तरी लेखकांना रॉयल्टी मिळते. ब्रिटनमध्ये १९१४पासून परफॉर्मिंग राइट सोसायटी ही वसुली करते. आपल्याकडे हेच काम करणारी आयपीआरएस १९६९पासून आहे.

दुसरी मालकी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे ती विशिष्ट रेकॉर्ड. स्टुडिओत त्या दिवशी जे वाजलं आणि टेपवर उतरलं, ते. ही बहुतेकदा रेकॉर्ड कंपनीकडे जाते. तेच गाणं तुम्ही उद्या स्वतः वाजवून रेकॉर्ड केलंत, तर तुमच्या रेकॉर्डवर या कंपनीचा हक्क नाही. लेखकांचा मात्र आहे.

तिसरी गोष्ट नाव, आणि चौथी चेहरा, चित्रं, टी-शर्टवरची अक्षरं. सेक्स पिस्टल्सच्या बाबतीत ही चौथी गोष्ट फार मोठी आहे. वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारखी, खंडणीच्या चिठ्ठीसारखी ती अक्षरं जेमी रीड या चित्रकाराची. बँडचं एकही गाणं न ऐकलेली माणसंही ती ओळखतात.

या वाटण्या कशा विचित्र पडतात, याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे या बँडचे दोन बेस गिटारवाले. ग्लेन मॅटलॉक फेब्रुवारी १९७७मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी आला सिड व्हिशस. खिळे ठोकलेलं जाकीट, गळ्यात साखळी-कुलूप, चेहऱ्यावर ओरखडे. आजही पंक म्हटलं की पोस्टरवर तोच असतो. पण त्याला वाजवता येत नव्हतं. अल्बमवरचा बेस बहुतांश जोन्सनं वाजवला. आणि त्या अल्बमच्या १२ गाण्यांपैकी १०च्या लेखकांत नाव आहे मॅटलॉकचं, अल्बम येण्याच्या आठ महिने आधी बँड सोडलेल्या माणसाचं. टी-शर्टवर एक, रॉयल्टीच्या खात्यात दुसरा.

(मला स्वतःला विचाराल तर त्या अल्बममधल्या बहुतेक चाली मॅटलॉकच्या डोक्यातून आल्यात हे ऐकताक्षणी कळतं. रागाच्या खाली गुणगुणण्याजोगी चाल असल्याशिवाय राग ५० वर्षं टिकत नाही.)

एका बाबतीत ही पोरं शहाणी निघाली. गाण्यांखाली त्यांनी चौघांची नावं लावली. तसं न केल्यास काय होतं ते ‘प्रोकोल हारम’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडला विचारा. १९६७च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ऑर्गनचा जो तुकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, तो मॅथ्यू फिशरनं रचला होता, पण लेखक म्हणून त्याचं नाव नव्हतं. तो कोर्टात गेला २००५मध्ये. २००६मध्ये हायकोर्टानं त्याला चालीच्या हक्कांत ४० टक्के वाटा दिला, अपिलात तो गेला आणि २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या न्यायाधीशांनी एकमतानं परत दिला. तोवर फिशर साठीच्या पुढे गेलेला होता.

ज्यानं बँड घडवला, त्याचाच तो नाही का?

हा आक्षेप मॅक्लारेनचा. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की दुकान माझं, नाव माझ्या दुकानावरून, कपडे आमचे, गोंधळ मी घडवला. ही पोरं म्हणजे माझी कलाकृती.

हे तितकंसं हास्यास्पद नाही. नाटक कंपनीच्या मालकानं नट गोळा केले, पडदे शिवले, गाड्या ठरवल्या, तर कंपनी त्याचीच असते. पण तिथे तो मालक असतो आणि नट पगारी. बँडचा मॅनेजर हा कायद्यानं बँडचा नोकर किंवा दलाल असतो. जागा मिळवून देणाऱ्या एजंटला कमिशन मिळतं, फ्लॅट नाही.

गोंधळ असा, की मॅक्लारेन एजंटसारखा करार करून मालकासारखा वागत होता. बँडच्या पैशांतून त्याला बँडवरच सिनेमा काढायचा होता. पहिला प्रयत्न मोडला, दुसरा १९८०मध्ये कसाबसा पडद्यावर आला. दरम्यान बँड फुटला होता.

तो फुटला अमेरिकेत. दौऱ्याची सुरुवात ५ जानेवारी १९७८ला अटलांटात झाली. पुढचे कार्यक्रम मुद्दाम दक्षिणेकडच्या राज्यांत घेतलेले, जिथे भांडण होण्याची खात्री. सिड हेरॉइनच्या आहारी गेलेला, लायडन बाकीच्यांशी बोलेनासा झालेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात शेवटचं गाणं संपवून लायडननं प्रेक्षकांना विचारलं की आपण फसवले गेलोय असं कधी वाटतं का तुम्हाला, आणि माइक टाकून निघून गेला. प्रेक्षकांना वाटलं त्यांना उद्देशून आहे. मला वाटतं तो स्वतःबद्दल बोलत होता.

इंग्लंडमधला त्यांचा अखेरचा कार्यक्रम त्याआधी तीनच आठवडे, १९७७च्या नाताळाच्या दिवशी हडर्सफील्डमध्ये झाला होता. दुपारी संपावर असलेल्या अग्निशामक कामगारांच्या मुलांसाठी मेजवानी होती, आणि ज्यांच्यापासून मुलांना जपा असं पेपर वर्षभर ओरडत होते तीच पोरं मुलांना केक वाढत होती. पण हे विषयांतर झालं.

लायडननं नवा बँड काढला आणि तेव्हा कळलं की ‘जॉनी रॉटन’ हे नावही आपलंच असल्याचा मॅक्लारेनचा दावा आहे. स्वतःचं टोपणनाव सोडून त्याला जन्मनावावर परतावं लागलं. मग तो कोर्टात गेला.

रिसीव्हर आला

रिसीव्हर हा शब्द मुंबईत चाळीच्या आणि गिरण्यांच्या भांडणांत ऐकलेला असतो. भावाभावांत वाद लागला की निकाल लागेपर्यंत कोर्ट मालमत्तेवर आपला माणूस बसवतं. भाडं तोच गोळा करतो आणि सांभाळून ठेवतो. फेब्रुवारी १९७९मध्ये लंडनच्या हायकोर्टानं सेक्स पिस्टल्सच्या कारभारावर असा रिसीव्हर नेमला.

त्याच महिन्यात, २ फेब्रुवारीला, सिड व्हिशस न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनानं मेला. वय २१. त्याच्यावर प्रेयसी नॅन्सी स्पंगेनच्या खुनाचा आरोप होता, खटला उभा राहायचाच होता. त्याचा वाटा वारसाकडे, म्हणजे आईकडे गेला. भांडणात आता एक वारसही आला, जशा आपल्याकडच्या प्रत्येक वाटणीत येतो.

प्रकरण १९८६पर्यंत चाललं. अखेर तडजोड झाली आणि मॅक्लारेनकडचे हक्क लायडन, जोन्स, कुक आणि सिडचे वारस यांच्याकडे आले. ज्या बँडनं २६ महिने काम केलं, त्याची मालमत्ता त्याच्या स्वतःच्या हातात यायला फुटल्यापासून आठ वर्षं लागली.

लेखी करार नसेल तर?

इथे थोडं कायद्याचं बोलू, जास्त नाही.

चार मित्र एकत्र वाजवतात, पैसे वाटून घेतात, कागद काही नाही. ब्रिटनमध्ये १८९०च्या भागीदारी कायद्यानुसार ही भागीदारी ठरू शकते, जणू चौघांनी मिळून किराणा दुकान टाकलंय. आपला १९३२चा भागीदारी कायदाही त्याच वळणाचा. दोन्हीकडे नियम असा की रोजच्या कारभारात मतभेद झाले तर बहुमत चालतं, पण धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्यांची संमती हवी.

आणि नाव? ते भागीदारीचं, कुणा एकाचं नाही. ‘सॅक्सन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे जुने आणि नवे सदस्य याच नावावरून कोर्टात गेले, तेव्हा २००३मध्ये न्यायाधीश लॅडी यांनी हेच सांगितलं. भागीदारी मोडली की नाव हे तिच्या मालमत्तेचा भाग. कुणी एक सदस्य जाताना ते खिशात घालून नेऊ शकत नाही.

सेक्स पिस्टल्सकडे मात्र पुढे कागद होता. १९९६मध्ये चार मूळ सदस्य, म्हणजे मॅटलॉकसकट, पुन्हा एकत्र आले. दौऱ्याचं नाव ठेवलं ‘हरामाचा पैसा’ या अर्थाचं. निदान प्रामाणिकपणा होता. त्यानंतर १९९८मध्ये बँडचा करार झाला आणि त्यात एक कलम होतं. गाणी आणि इतर हक्क कुणाला वापरू द्यायचे, हे बहुमतानं ठरेल.

वापरू देणं म्हणजे लायसन्स. जाहिरातीत, सिनेमात, मालिकेत गाणं घालायचं तर मालकाची परवानगी आणि तिचे पैसे. वर्षानुवर्षं या परवानग्या सगळ्यांच्या होकारानं दिल्या जात होत्या. कलम कपाटात पडून होतं.

मालिका आली आणि कलम बाहेर निघालं

दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी स्टीव्ह जोन्सच्या आत्मचरित्रावरून मालिका करायला घेतली. जोन्सनं स्वतःची गोष्ट सांगायला लायडनची परवानगी लागत नव्हती. पण सेक्स पिस्टल्सवरच्या मालिकेत सेक्स पिस्टल्सची गाणी नसतील तर करायचं काय? आणि गाण्यांना लायडन नाही म्हणाला. आपल्याला अंधारात ठेवून हे ठरलं, अशी त्याची तक्रार होती.

जोन्स आणि कुक यांनी १९९८चं कलम पुढे केलं आणि २०२१मध्ये हायकोर्टात गेले. मॅटलॉक आणि सिडचे वारस त्यांच्या बाजूचे. लायडन एकटा.

लायडनच्या बाजूचा युक्तिवाद आपल्या गावाकडच्या माणसाला लगेच कळेल, कारण तो वहिवाटीचा होता. इतकी वर्षं सगळ्यांच्या संमतीशिवाय काही झालेलं नाही, ते कलम कधी वापरलंच नाही, आता अचानक कसं काढता? बांधावरून २० वर्षं जातोय, आता वाट बंद कशी करता, तसंच.

न्यायाधीश सर अँथनी मान यांनी ते मानलं नाही. कलम वापरलं नाही म्हणून मेलं असं होत नाही. बहुमत लागू. मालिकेला गाणी मिळाली, ती २०२२मध्ये आली.

आपल्या हाउसिंग सोसायटीतही हे घडतं. २० वर्षं सगळे निर्णय चहा पिता पिता एकमतानं होतात. मग पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो, कोणीतरी उपविधींचं पुस्तक उघडतं, आणि एवढे दिवस सगळ्यांत जुना सभासद म्हणून मान मिळवलेल्या काकांना कळतं की त्यांचंही मत एकच आहे.

पण गायकाशिवाय बँड कसला?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे.

२०२१चा निकाल मालिकेतल्या गाण्यांपुरता होता. पण कुणाची मतं कुठे आहेत, हे त्यानं जगजाहीर केलं. रंगमंचावर गाणी म्हणायला तर तेवढंही लागत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात कोणाचंही गाणं म्हणता येतं. सभागृह किंवा आयोजक परफॉर्मिंग राइट सोसायटीचं शुल्क भरतो आणि ते लेखकांना पोचतं. तुमच्या गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा संगीतकाराची वैयक्तिक परवानगी घ्यायला जात नाही, तसंच.

यातली गंमत पाहा. फ्रँक कार्टर ‘अॅनार्की इन द यूके’ गातो तेव्हा शब्दांचा सहलेखक म्हणून लायडनच्या नावावर पैसे जमा होतात. ज्या कार्यक्रमावर तो नाराज आहे, त्यात न गाण्याचे.

उरतो प्रश्न नावाचा, आणि तिथे मला लायडनबद्दल सहानुभूती आहे, पण अर्धीच. कायद्याचा हिशोब एक आणि कानांचा दुसरा. त्या ओढलेल्या, कुचकट आवाजाशिवाय ती गाणी मला चांगल्या नकलेसारखी वाटतात. पण जोन्सच्या गिटारीच्या भिंतीशिवाय आणि कुकच्या ठोक्याशिवाय लायडन एकटा गायला असता, तर तेही सेक्स पिस्टल्स नसतं. चौघांपैकी तिघे एकीकडे असताना एकानं ‘मीच बँड’ म्हणणं जड जातं. कार्यक्रमांची जाहिरात ‘सेक्स पिस्टल्स, सोबत फ्रँक कार्टर’ अशी होते. तिकीट घेणाऱ्याला काय मिळणार ते पोस्टरवरच लिहिलेलं असतं.

व्यवस्था मोडायला निघालेले लोक रॉयल्टीसाठी भांडतात?

हा दुसरा आक्षेप, आणि तो जुन्या चाहत्यांकडून हमखास येतो. पंक म्हणजे सगळं झुगारणं, आणि हे कोर्टात कलमं वाचतायत.

विसंगती आहेच. २००६मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्यांना सन्मान देऊ केला, तेव्हा त्यांनी त्या संस्थेला लघवीच्या डागाची उपमा देणारी चिठ्ठी पाठवून तो नाकारला. आणि २०१५मध्ये व्हर्जिन मनीनं त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठाची क्रेडिट कार्डं काढली. भांडवलशाहीला लाथ मारणारं चित्र आता कार्डावर, खाली वैधतेची तारीख.

पण कोर्टाशी त्यांचं नातं पहिल्यापासूनच होतं. नोव्हेंबर १९७७मध्ये नॉटिंगहॅममधल्या एका रेकॉर्डच्या दुकानदारावर अल्बमचं नाव काचेत लावलं म्हणून खटला भरला गेला. कायदा होता १८८९चा, अश्लील जाहिरातींविरुद्धचा. आक्षेप ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ या नावातल्या शेवटच्या शब्दाला. बचावाला वकील जॉन मॉर्टिमर यांनी विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक उभे केले. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा शब्द जुन्या इंग्रजीत आहे आणि एके काळी तो पाद्र्यांसाठी टोपणनाव म्हणून वापरला जाई. दंडाधिकाऱ्यांनी नाइलाजानं दुकानदाराला सोडलं.

शिवाय ही पोरं कामगार वस्त्यांतली. मध्यमवर्गाला पैशांबद्दल न बोलण्याची चैन परवडते. ज्यांच्या नावावर हजारो पौंड येत होते आणि ज्यांच्या हातात आठवड्याचा पगार पडत होता, त्यांनी हिशोब मागितला तर त्यात पंकविरोधी काय आहे?

हे किती वर्षं चालणार?

ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचे हक्क पूर्वी ५० वर्षं टिकत. २०१३पासून ती मुदत ७० वर्षं झाली. म्हणजे १९७७चा अल्बम २०४७ संपेपर्यंत राखीव. गाण्यांच्या लेखनाचा हक्क त्याहून लांब, सहलेखकांपैकी शेवटचा माणूस गेल्यानंतर ७० वर्षं. भारतात हीच मुदत ६० वर्षांची आहे. चौघे लेखक अजून हयात आहेत. म्हणजे या गाण्यांचे पैसे पुढच्या शतकाच्या तोंडाशीही कोणाच्या तरी खात्यात पडत असतील, आणि ते कोणाचं खातं यावर तेव्हाही कोणीतरी वाद घालत असेल.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या बँडमध्ये पाच जण आहेत, दोन गाणी तयार आहेत. चाल कोणाची, म्हणून विचारलं तर म्हणाला, “सगळ्यांची. म्हणजे तशी माझीच, पण मधला भाग कीबोर्डवाल्याचा.” नाव अजून ठरलेलं नाही. इन्स्टाग्रामचा पासवर्ड मात्र फक्त ड्रमरकडे आहे.